अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अहिल्यानगर, म्हणजेच जुन्या अहमदनगर शहरातील रणगाडा संग्रहालयाला भेट देऊ इच्छिणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आरंभी प्रवासाचे आणि प्रवेशाचे प्रश्न आहेत, त्यानंतर प्रत्यक्ष रणगाड्यांविषयीचे आणि शेवटी काही अडचणीचे. हे संग्रहालयाचे अधिकृत निवेदन नाही, त्यामुळे प्रवेशाच्या नियमांबाबत तेथील सूचनाच अंतिम समजाव्यात.

१. संग्रहालय नेमके कोठे आहे आणि तेथे कसे पोहोचावे?

संग्रहालय शहराच्या दक्षिणेकडील लष्करी भागात, सोलापूर रस्त्याच्या बाजूला, फराहबाग महालाजवळ आहे. पुण्याहून सुमारे १२० किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरहून सुमारे ११५ किलोमीटर आणि शिर्डीहून सुमारे ८५ किलोमीटर अंतर पडते. एसटीने येणाऱ्यांनी माळीवाडा किंवा स्वस्तिक चौकातील स्थानकावर उतरून रिक्षा करावी. दौंड–मनमाड मार्गावरील रेल्वे स्थानकावरूनही रिक्षा मिळते. चालकाला "टँक म्युझियम" एवढे सांगितले की पुरते.

२. वेळ, प्रवेशशुल्क आणि ओळखपत्राचे काय?

संग्रहालय दिवसा खुले असते आणि शुल्क माफक असते. मात्र हा परिसर लष्कराच्या ताब्यातील असल्याने समारंभ, सराव किंवा सुरक्षेच्या कारणाने वेळापत्रक ऐनवेळी बदलू शकते. म्हणून दुरून येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी. प्रत्येक प्रौढ व्यक्तीने छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. परदेशी नागरिकांसाठी प्रश्न १७ पाहावा.

३. किती वेळ राखून ठेवावा? वर्षातील कोणता काळ चांगला?

संग्रहालय लहान आहे. सुमारे ५० प्रदर्शित वस्तू आहेत आणि नुसती फेरी मारायची तर पाऊण तासात ती पुरी होते. तशी फेरी मारून परतलेले बरेच जण "सगळे रणगाडे सारखेच होते" अशी तक्रार करतात. किमान दोन तास द्यावेत, आणि सगळे पाहण्याचा हट्ट सोडून आठ-दहा गाड्या नीट पाहाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बहुतेक रणगाडे उघड्यावर आहेत. एप्रिल-मे महिन्यांत नगरच्या उन्हात पोलाद इतके तापते की हात टेकवत नाही. त्यामुळे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा आणि उन्हाळ्यात यावेच लागले तर सकाळची वेळ धरावी.

४. हे रणगाडे खरे आहेत की प्रतिकृती?

खरे आहेत. काही भारतीय लष्कराच्या सेवेतून निवृत्त झालेले आहेत, तर काही युद्धात शत्रूकडून हस्तगत केलेले आहेत. ते आता प्रदर्शनापुरते ठेवलेले असून त्यांच्या तोफा निकामी केलेल्या असतात. रंग मात्र अनेकदा पुन्हा दिलेला असतो. त्यामुळे रंगावरून गाडीच्या मूळ रूपाविषयी निष्कर्ष काढू नये. चिलखताचे जोड, रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे), चाकांवरून फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यांची झीज आणि ओतीव पोलादाचा खडबडीतपणा यांवर अधिक भरवसा ठेवावा.

५. हे आशियातील एकमेव रणगाडा संग्रहालय आहे, हे खरे का?

हा दावा आजही सर्वत्र वाचायला मिळतो, पण तो तसाच पुढे पाठवू नये. इस्रायलमध्ये लात्रुन येथे चिलखती दलाचे मोठे स्मारक आणि संग्रहालय आहे, आणि जॉर्डनमध्ये अम्मान येथे २०१८ साली रॉयल टँक म्युझियम सुरू झाले. नगरच्या संग्रहालयाचे महत्त्व या विशेषणावर अवलंबूनही नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातील चिलखती मोटारीपासून १९७१ च्या युद्धात लढलेल्या रणगाड्यांपर्यंत, भारतीय सैनिक ज्यात बसून लढले आणि ज्यांच्याशी लढले, अशी दोन्ही बाजूंची यंत्रे येथे एका आवारात उभी आहेत.

६. असे संग्रहालय मुंबई-पुण्यात न होता नगरलाच का झाले?

कारण चिलखती दलाचे घरच नगर आहे. ब्रिटिश काळात १९२० च्या दशकातच येथे रणगाड्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये वेगवेगळ्या प्रशिक्षण संस्था एकत्र करून येथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. दलात भरती होणारा सवार (शिपाई) आणि नव्याने नियुक्त झालेला अधिकारी असे दोघेही येथे शिकतात. मेकनाइज्ड इन्फन्ट्रीचे, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळाचे, केंद्र आणि लष्करी वाहनांचे संशोधन करणारी संस्था हीदेखील याच शहरात आहेत. या प्रशिक्षण केंद्राने फेब्रुवारी १९९४ मध्ये संग्रहालय उभारले. नगरजवळचा विस्तीर्ण, कोरडा माळ गोळाबाराच्या सरावासाठी उपयोगी पडतो, हेही एक कारण आहेच.

७. सुरुवात कोठून करावी?

पाहुणे बाहेरच्या तोफांकडे धावतात आणि स्मृतिदालनासाठी शेवटची पाच मिनिटे उरतात. हा क्रम उलटा करावा. दालनात चिलखती रेजिमेंटांची चिन्हे, घोडदळाच्या काळाच्या खुणा आणि शौर्यपदक मिळवणाऱ्यांची माहिती आहे. आपल्या चिलखती रेजिमेंटांपैकी अनेक मुळात घोडदळाच्या पलटणी होत्या आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे घोडे जाऊन गाड्या आल्या. सवार, दफेदार, रिसालदार ही पदे मात्र तशीच राहिली. माणसांची नावे आधी वाचून बाहेर गेले की रणगाडा वेगळा दिसू लागतो. त्याच्या झडपेकडे, म्हणजे आत-बाहेर जाण्याच्या झाकणाकडे, पाहताना आत कोण बसले असेल, हा प्रश्न आपोआप पडतो.

८. सर्व रणगाडे सारखेच दिसतात. फरक कसा ओळखावा?

प्रत्येक गाडीपुढे तीन गोष्टी पाहाव्यात. चिलखत किती जाड आणि किती तिरके आहे, तोफेची नळी किती लांब आहे, आणि आत किती माणसे बसत असत. रणगाड्याची रचना करणाऱ्याला संरक्षण, मारा आणि वेग या तिन्ही गोष्टी एकदम पूर्ण मिळत नाहीत. त्याने काय सोडले, ते या तीन खुणा सांगतात.

ब्रिटिश मटिल्डाचे पुढचे चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत जाड होते, परंतु तोफ अवघी ४० मिलिमीटर व्यासाची होती. चर्चिलच्या सातव्या आवृत्तीत पुढचे पोलाद १५२ मिलिमीटरपर्यंत गेले आणि गाडी सुमारे ४० टनांची झाली. तिचा वेग त्या मानाने फारच कमी होता. फ्रेंच बनावटीच्या एएमएक्स-१३ ची रचना अगदी उलट टोकाची आहे. तिचे चिलखत पातळ आणि वजन कमी असून दारूगोळा यंत्राने भरला जात असल्याने तीनच माणसे पुरत. हलकेपणामुळेच १९६२ मध्ये या गाड्या विमानांतून लडाखमधील चुशूल येथे उतरवता आल्या.

सर्वांत जुनी गाडी म्हणजे सिल्व्हर घोस्ट मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली रोल्स-रॉइस चिलखती मोटार. तिला पट्टे नाहीत, चाके आहेत, आणि तोफेऐवजी मशिनगन आहे. रणगाडा जन्मण्यापूर्वी युद्धात चिलखत कसे आले, हे तिच्याकडे पाहून कळते.

९. एका गाडीची तोफ उलट्या बाजूला का आहे? ती चुकीची जोडली आहे का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गटातून येतो. गाडीचे नाव आर्चर. तोफ मागच्या दिशेनेच आहे आणि ती मुद्दाम तशी बसवलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांची चिलखते वाढत गेली, तेव्हा ब्रिटनकडे १७ पाउंडर नावाची प्रभावी रणगाडाविरोधी तोफ होती. ती इतकी लांब आणि जड होती की हाताशी असलेल्या लहान व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, ती मावणे शक्य नव्हते. तेव्हा टरेट काढून टाकले गेले, वरचा भाग उघडा ठेवला गेला आणि तोफ मागे तोंड करून बसवली गेली. पुढे तोंड केले असते तर नळी गाडीच्या कितीतरी पुढे गेली असती आणि तोल बिघडला असता.

या रचनेचा लढताना एक फायदा झाला. आर्चर दबा धरून बसे, गोळा डागी, आणि चालकाचे तोंड आधीच विरुद्ध दिशेला असल्याने न वळता सरळ निघून जाई. तोटाही तेवढाच होता. गोळा सुटल्यावर तोफेचा मागचा भाग धक्क्याने चालकाच्या जागेकडे येत असे. शेजारी साधा व्हॅलेंटाइन दिसला तर दोन्हींची चाके आणि खालचा सांगाडा ताडून पाहावा. एकाच सांगाड्याचे हे दोन उपयोग आहेत.

१०. रणगाड्यांच्या संग्रहालयात विमानविरोधी तोफ कशासाठी?

आपण विचारता ती जर्मन ८८ मिलिमीटर तोफ आहे आणि ती मटिल्डासोबत पाहावी, म्हणजे दोघींचा अर्थ लागतो. ९ डिसेंबर १९४० रोजी इजिप्तमधील निबेवा येथील इटालियन तळावर चौथ्या भारतीय डिव्हिजनने मटिल्डा रणगाड्यांसह हल्ला केला. इटालियन तोफांचे गोळे मटिल्डाच्या चिलखतातून आत जाईनात, आणि तळ काही तासांत पडला. सहाच महिन्यांनी, जून १९४१ मध्ये, हल्फाया खिंडीत तेच रणगाडे जर्मन ८८ मिलिमीटर तोफांसमोर आले. विमान पाडण्यासाठी बनवलेल्या या तोफेचा गोळा अतिशय वेगाने जाई. तो वेग जमिनीच्या समांतर वापरला गेला तेव्हा मटिल्डाचे ते नावाजलेले चिलखत दूरवरूनच फुटू लागले. या दोन्ही लढायांत भारतीय पायदळ मटिल्डांबरोबर होते, ही गोष्ट शालेय पुस्तकांत सहसा येत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवत आहे.

११. जपानी रणगाडे इतके लहान कसे? हे युद्धात टिकत होते का?

येथील टाइप ९५ हा-गो सुमारे साडेसात टनांचा आहे. त्याचे चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर आहे आणि आत तीन माणसे बसत. त्याच्या बाजूंवरील रिव्हेटच्या रांगा जवळून पाहाव्यात. बाहेरून मार बसल्यावर आतील बाजूचे रिव्हेट तुटून आतल्याच माणसांना लागण्याचा धोका अशा बांधणीत असतो. मोठा टाइप ९७ ची-हा हा सुमारे १५ टनांचा असून त्याची तोफ ५७ मिलिमीटरची आहे.

चीनमधील आणि मलायातील मोहिमांत, समोर रणगाडे किंवा रणगाडाविरोधी तोफा फारशा नसताना, हे हलके रणगाडे प्रभावी ठरले. ब्रह्मदेशात चित्र बदलले. २० मार्च १९४४ रोजी मणिपूरच्या सीमेवरील तामूजवळ हा-गो रणगाड्यांची गाठ थर्ड कॅराबिनियर्स या ब्रिटिश रेजिमेंटच्या अमेरिकी बनावटीच्या ली रणगाड्यांशी पडली, आणि जपानी तुकडी जवळजवळ संपली. त्याच महिन्यात मणिपूरमध्येच सांगशाक येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपानी सैन्याला अडवत होती. महाराष्ट्रातील अनेक घरांचा या आघाडीशी थेट संबंध आहे. आपल्या घरी त्या काळातील पदके असतील तर प्रश्न १९ अवश्य वाचावा.

१२. पॅटन रणगाड्याचे एवढे कौतुक का? तो तर पाकिस्तानचा होता.

पॅटन येथे विजयाची खूण म्हणून उभा आहे, हे खरे, पण तेवढ्यावर थांबू नये. १९६५ मध्ये पाकिस्तानकडे असलेले अमेरिकी बनावटीचे पॅटन हे त्या काळातील आधुनिक रणगाडे होते. त्यांत ९० मिलिमीटरची तोफ आणि अंतर मोजण्याचे प्रगत साधन होते. भारताच्या बाजूला त्या क्षेत्रात ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन होते, पण त्यांच्याबरोबर दुसऱ्या महायुद्धातील शेरमन आणि हलके एएमएक्स-१३ देखील लढत होते.

८ ते १० सप्टेंबर १९६५ या काळात पंजाबातील खेमकरणजवळ असल उत्तर येथे भारतीय तुकड्यांनी घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे लावले. कालव्यांचे पाणी शेतात सोडलेले होते आणि ऊस उभा होता. चिखलात वेग हरवलेले पॅटन उसातून पुढे सरकले तेव्हा लपलेल्या रणगाड्यांना आणि तोफांना त्यांच्या बाजू दिसू लागल्या, आणि बाजूचे चिलखत पुढच्यापेक्षा पातळ असते. ४ ग्रेनेडियर्स या पायदळ पलटणीचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने एकामागून एक पॅटन निकामी केले. तेथेच ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. लढाईनंतर हस्तगत केलेले पॅटन देशभरातील छावण्यांत आणि चौकांत ठेवले गेले.

पॅटनच्या काही आवृत्त्यांचे इंजिन पेट्रोलवर चालणारे होते आणि गोळा लागल्यावर आग भडकण्याची भीती असे. हस्तगत केलेल्या कोणत्याही रणगाड्यावर छिद्र दिसले तर त्याच्या कडा पाहाव्यात. कडा आत वळलेल्या असतील तर गोळा तेथून आत शिरला, असे समजावे. आत चार-पाच माणसे होती. ती शत्रूची होती म्हणून त्या जागी हसत छायाचित्र काढावे, असे मला वाटत नाही, आणि मुलांनाही तसे समजावून सांगावे.

१३. १९७१ च्या युद्धातील काय पाहावे?

अमेरिकी शॅफी आणि सोव्हिएत पीटी-७६ या हलक्या रणगाड्यांची जोडी पाहावी. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी, युद्धाची औपचारिक घोषणा होण्यापूर्वीच, आजच्या बांगलादेशातील गरीबपूर येथे ४५ कॅव्हलरी या भारतीय रेजिमेंटच्या पीटी-७६ गाड्यांनी पाकिस्तानी शॅफींचा धुक्यातील हल्ला मोडून काढला. त्या रणगाड्यांच्या तुकडीचे (स्क्वॉड्रनचे) नेतृत्व करणारे मेजर दलजितसिंग नारंग त्या लढाईत पडले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. पीटी-७६ पाण्यावर तरंगत जाऊ शकतो. त्याचे होडीसारखे निमुळते नाक आणि पाणी मागे फेकणाऱ्या यंत्रणेची मागील तोंडे पाहिली की नद्यांच्या त्या प्रदेशात त्याचे महत्त्व समजते.

१४. भारतात बनलेला रणगाडा आहे का?

आहे. विजयंता हा ब्रिटिश व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावर आधारित रणगाडा चेन्नईजवळील आवडी येथील कारखान्यात १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तयार होऊ लागला. १०५ मिलिमीटरची तोफ असलेला हा रणगाडा १९७१ च्या युद्धात लढला आणि पुढे दीर्घकाळ सेवेत राहिला.

१५. चिलखती दलातील परमवीर चक्राचे मानकरी कोण? त्यांचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

दोघे आहेत, दोघेही १७ पूना हॉर्सचे, आणि दोघांचाही संबंध महाराष्ट्राशी आहे. १८१७ साली पुण्यात उभी राहिलेली ही रेजिमेंट ते नाव आजही चालवते.

लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्जोरजी तारापोर यांचा जन्म मुंबईचा आणि शिक्षण पुण्याचे. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट क्षेत्रात फिलोराच्या लढाईत ते जखमी झाले, तरी मागे जाण्यास त्यांनी नकार दिला आणि पुढील पाच दिवस आपल्या सेंच्युरियनमधून रेजिमेंटचे नेतृत्व केले. १६ सप्टेंबर रोजी त्यांना वीरमरण आले.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा. जून १९७१ मध्ये ते अधिकारी झाले आणि युद्ध जवळ आले तेव्हा नगरलाच प्रशिक्षण घेत होते. तेथून त्यांना रेजिमेंटकडे बोलावून घेण्यात आले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत त्यांच्या सेंच्युरियनला आग लागली. बाहेर पडण्याचा आदेश मिळाला, परंतु तोफ चालू असल्याने ते आत राहून लढत राहिले आणि तेथेच मृत्यू पावले. ते २१ वर्षांचे होते. सेंच्युरियनपुढे उभे राहिल्यावर टरेटवरील झडप पाहावी. चिलखती दलाचे अधिकारी पुढचे दिसावे म्हणून लढाईतही अनेकदा त्या झडपेतून डोके बाहेर काढून उभे राहतात.

१६. मुलांना रणगाड्यावर चढता येते का? छायाचित्रे काढता येतात का?

चढू नये. पट्ट्यांत आणि झडपांत हात अडकून इजा होते, आणि जुन्या पत्र्याचेही नुकसान होते. मुलांना प्रश्न ८ मधील तीन खुणा शोधण्याचे काम दिले तर ती रमतात, असा अनुभव आहे. छायाचित्रणाविषयी प्रवेशद्वारावर जो नियम सांगितला जाईल तो पाळावा. संग्रहालयाबाहेरील लष्करी इमारती, फाटके आणि वाहने यांची छायाचित्रे काढू नयेत. ड्रोन आणूच नये.

१७. आमच्याबरोबर परदेशी पाहुणे आहेत, किंवा आमच्याकडे परदेशी पारपत्र आहे. प्रवेश मिळेल का?

लष्करी हद्दीतील ठिकाणी परदेशी नागरिकांसाठी वेगळे नियम असू शकतात. मूळ भारतीय असलेले, पण आता दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले मराठी कुटुंबीय येथे बऱ्याचदा अडचणीत येतात, कारण जुने आधार कार्ड दाखवून प्रवेश घेणे योग्य नाही. पारपत्र आणि ओसीआय (भारताबाहेरील भारतीय वंशाच्या नागरिकांचे) कार्ड जवळ ठेवावे आणि आधीच विचारणा करावी.

१८. नगरचा भुईकोट किल्लाही त्याच दिवशी पाहता येईल का?

वेळेच्या दृष्टीने सहज येतो. ऑगस्ट १८०३ मध्ये ब्रिटिश सेनानी वेलस्लीच्या सैन्याने घेतलेला आणि १९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरूंसह काँग्रेसच्या नेत्यांना जेथे स्थानबद्ध ठेवले होते, तो हा किल्ला. सकाळी संग्रहालय, दुपारी फराहबाग आणि नंतर किल्ला असा क्रम ठेवावा. किल्ल्यातही प्रवेशाचे नियम लष्करी असल्याने प्रश्न २ मधील सूचना तेथेही लागू आहे.

१९. आमचे आजोबा चिलखती दलात किंवा दुसऱ्या महायुद्धात होते. त्यांची पदके आणि कागदपत्रे संग्रहालयाला देता येतील का?

देण्याची घाई करू नये. आधी त्यांची सेवा शोधून काढावी. चिलखती दलाचे अभिलेख कार्यालय अहिल्यानगरलाच आहे. सैनिक क्रमांक, पद, रेजिमेंटचे नाव आणि निवृत्तिवेतनाचे कागद असतील तर त्यांच्या प्रती जोडून लेखी अर्ज करावा. सैनिक क्रमांक ठाऊक नसेल तर दुसऱ्या महायुद्धातील पदकांची कड आणि मागची बाजू भिंगाखाली पाहावी. भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर क्रमांक आणि नाव अनेकदा कोरलेले असते. याच कारणासाठी पदके चिंचेने किंवा पितांबरीने घासू नयेत, कारण अक्षरे झिजतात. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत असतील तर चौकशी बेळगावच्या केंद्राकडे करावी लागते, नगरला नाही.

छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने माणसांची नावे, गाव आणि साधारण साल लिहून ठेवावे. शाई वापरू नये. प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवल्यावरच मूळ वस्तू रेजिमेंटला किंवा संग्रहालयाला देण्याविषयी पत्रव्यवहार करावा, आणि वस्तू स्वीकारल्याची लेखी पोच घ्यावी.